दुसऱ्या नंबरची जॉयस्टिक

मित्रांनो, मी जुनी आहे एवढं मला नक्की ठाऊक आहे. मी कोण आहे हे मात्र विचारू नका, कारण तिथंच माझा गोंधळ उडतो. माझा मेंदू जॉयस्टिकचा आहे आणि अंग जेवायच्या पाटाचं. मी राहते तंजावूरला, मानंबूचावडीतल्या एका घरात. हे घर देवाशी मराठीत बोलतं आणि भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडतं. माझी भाषाही इथंच शिकलेली, तेव्हा मध्येच काही वेगळं ऐकू आलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. खोक्यावर एका देशाचं नाव होतं आणि आतल्या कागदावर दुसऱ्याच. या घरातल्या मुलांचा मामा सिंगापूरहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये आम्ही होतो. एक टीव्हीला जोडायचा डबा आणि त्याला लोंबणाऱ्या आम्ही दोघी जॉयस्टिक. दिसायला जुळ्या बहिणी, राखाडी आणि चपट्या. डाव्या अंगठ्यासाठी अधिक चिन्हासारखं एक बटण, उजव्या अंगठ्यासाठी दोन गोल बटणं. फरक इतकाच की पहिलीच्या पोटावर खेळ सुरू करायचं बटण होतं आणि माझं पोट सपाट होतं. मला वाटलं, माझं बटण वाटेत कुठंतरी पडलं असेल. किती दिवस मी ते सापडायची वाट बघितली. मग कळलं की दुसऱ्या नंबरच्या जॉयस्टिकला ते देतच नाहीत. खेळ पहिल्यानं सुरू करायचा आणि दुसऱ्यानं त्याच्या मागे धावायचं.

पहिली अर्थातच वादिराजकडे गेली, कारण तो थोरला. मी आले त्याच्या धाकट्या बहिणीकडे, नंदिताकडे. वडील नव्हते, घरात ही दोन मुलं आणि त्यांची आई वेंकूबाई. वेंकूबाई शाळेत शिकवायच्या, आणि शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटत नसे. नंदिता जन्माची डावरी. पेन्सिल डाव्या हातात दिसली की पट्टी बसायची. डाव्या हातानं पाण्याचा टंबलर उचलला की पट्टी. कुणाला पैसे, पान, फूल डाव्या हातानं दिलं तर विचारूच नका. त्या हातानं काय करतात ते शहाण्या माणसानं बोलून दाखवायचं नसतं, असं त्या म्हणत. सगळ्या गोष्टी उजव्या हाताच्या झाल्या, एक मी सोडून. कारण माझं मुख्य काम डाव्या अंगठ्याचं, आणि ते वेंकूबाईंच्या कधी ध्यानातच आलं नाही. तो अंगठा माझ्यावर कसा धावायचा म्हणून सांगू.

दोघांचा आवडता खेळ होता पुलाचा. एक लाल गडी, एक निळा गडी. उड्या मारत मोडके पूल ओलांडायचे. या खेळाचा एक नियम मला फार छळायचा. एक गडी मागे राहिला तर पडदा पुढे सरकायचाच नाही. लाल गडी कितीही शूर असो, निळा येईपर्यंत त्याला काठावर उभं राहावं लागे. लाल वादिराजचा. तो ओरडायचा, "लवकर ये गं नंदू, घोडं अडलंय तुझ्यापायी." ओरडायचा, पण थांबायचा. खेळ सुरू करताना मात्र त्यानं 'तयार आहेस का' म्हणून एकदाही विचारलं नाही.

एक माझी खोड सांगते. मला चिकट हात खपत नाहीत. मुरुक्कू, म्हणजे तुमची चकली, खाऊन कुणी मला धरलं की माझ्या बटणांखाली तेलाचा चिखल होतो आणि मी भलतीकडेच धावते. "हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही," ही वेंकूबाईंची एकच शिस्त मला मनापासून पटलेली. रविवारी गल्लीतली मुलं यायची आणि मला हातात घ्यायला रांग लावायची. ते माझे वैभवाचे दिवस. मग मुलं मोठी झाली आणि आम्ही पलंगाखालच्या ट्रंकेत गेलो. आधी वाटलं, सुट्टी लागली. सुट्टी इतकी लांबली की मी उन्हाळे मोजायचं सोडून दिलं.

ट्रंक उघडली तेव्हा माझ्याकडे बघणारी बाई मला ओळखूच आली नाही. केसांत पांढरी बट, नाकावर चष्मा. तिनं मला उचललं आणि डावा अंगठा जिथल्या तिथं ठेवला, तेव्हा कळलं की ही नंदिता. ती आता पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत शिकवते. लग्नाच्या बाबतीत दोघा भावंडांनी आईचं ऐकलं नाही, त्यामुळे घरात माणसं तितकीच होती. मी म्हटलं, चला, खेळूया. तर तिनं स्क्रू काढून माझं पोटच उघडलं.

का, ते मला नंतर तुकड्यातुकड्यानं समजलं. वादिराज पापनाशमला सरकारी कचेरीत जायचा, मोटरसायकलवरून. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे शेतकरी रस्त्यावरच भात वाळत घालतात. एका वळणावर त्या दाण्यांवरून त्याचं चाक घसरलं. बाकी सगळं भरून आलं, पण खांद्यातली नस तुटली आणि उजवा हात लोंबता राहिला. डॉक्टर 'बघूया' म्हणत, आई 'येईल, येईल' म्हणत. आणि वादिराजनं लोकांसमोर जेवणं बंद केलं. डाव्या हातानं जेवताना कुणी बघायला नको म्हणून आतल्या खोलीत दार लावून तो चमच्यानं जेवायचा. दाराबाहेर ताट ठेवायचं आणि दाराबाहेरूनच रिकामं उचलायचं. कचेरीचा डबा नको, लग्नाची पंगत नको. सणही नको म्हणाला. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी इथं कणू असते, तुमच्या भाऊबीजेची मावसबहीण म्हणा. बहीण पहाटे गच्चीवर हळदीच्या पानांवर रंगीत भात मांडते, कावळ्यांना बोलावते आणि भावासाठी मागणं मागते. खाली आली की भाऊ तिला काही देतो.

"यंदा कणू नको," वादिराज आईला म्हणाला. "काय म्हणून मांडायची? मी तिला डाव्या हातानं देऊ?"

नंदिता त्याच दिवशी ट्रंकेकडे आली. भाऊ खोलीबाहेर यावा आणि आपल्याशेजारी बसावा, एवढंच तिला हवं होतं. बोलून तो येत नव्हता, म्हणून तिनं मला कामाला लावलं.

चपट्या जॉयस्टिकला दोन हात लागतात. म्हणून तिनं माझी हिरवी पाटी, म्हणजे माझा मेंदू, बाहेर काढली, तिच्यावर बारीक वायरी सोल्डर केल्या आणि त्या एका मोठ्या पेटीत नेल्या. पेटी कशाची? वादिराजच्या जेवायच्या पाटाची. फणसाच्या लाकडाचा, लहानपणापासूनचा त्याचा पाट. तिनं तो करवतीनं कापला तेव्हा वेंकूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोरी, तो वादीचा पाट."

"ठाऊक आहे. बसतो का तो त्याच्यावर?"

त्या आत निघून गेल्या. मी एकीकडे लाजले आणि एकीकडे घाबरले, कारण लाकडाला सांबाराचा वास होता आणि मला तर खाण्याशी काही संबंध नको होता. पेटीच्या डाव्या बाजूला दांडा बसला, त्याच्या टोकाला लाल गोळा. उजव्या बाजूला पापडाएवढं मोठं बटण, इतकं मऊ की मांजर बसलं तरी दाबलं जाईल. उजवी बोटं जराशी हलली तरी पुरे, असा तिचा हिशेब. सगळ्या घराचाच तो हिशेब होता.

वादिराज एका दुपारी बाहेर आला, तो फक्त माझं हे ध्यान बघायला. बसला. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून त्यानं माझ्या बटणावर ठेवला, ओला टॉवेल ठेवावा तसा. निळा गडी आता त्याचा होता, लाल नंदिताचा. हेही मला समजेना. मी नंदिताची आणि हा पहिल्या नंबरचा, मग माझ्यावर याचा हात कसा? दांडा त्यानं बरा हलवला. निळा गडी पुलापर्यंत आला आणि तिथं उडी मारायची होती. मी वाट बघत राहिले. बटण दाबलं जाईना. मला वाटलं माझीच वायर सुटली. लाल गडी पलीकडे उभा, पडदा जागचा हलेना, आणि टीव्हीवरचं ते किरकिरं संगीत पुन्हा पुन्हा तेच वाजत राहिलं. वादिराजच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं तो हात उचलून मांडीवर घेतला आणि तो उठला.

"अण्णा, थांब."

"कुणासाठी थांबायचं? पडदा माझ्यापायी अडलाय," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नंदितानं मला परत उघडलं. आता काय उरलंय उघडायला, असं मला झालं. तिनं उजवीकडचं बटण उपटून टाकलं. दांडा काढून त्याच्या जागी पोकळ नळी बसवली, नळीतून वायर वर नेली, लाल गोळ्याला भोक पाडलं आणि त्यात एक छोटं बटण बसवलं, अगदी अंगठ्याखाली येईल असं. आतली स्प्रिंग बदलली. धावणं आणि उडी मारणं दोन्ही एकाच मुठीत आलं. आणि हे सगळं ती डाव्या हातानं करत होती. सोल्डरची तापलेली कांडीसुद्धा डाव्या हातात. दारात पुन्हा वेंकूबाई.

"सगळं डावीकडेच केलंस."

"हो."

"म्हणजे उजवा येणार नाही, असं तू ठरवूनच टाकलंस."

नंदितानं कांडी खाली ठेवली. "आई, यायचा तेव्हा येऊ दे. तोवर तो खोलीत बसून राहणार का? तू माझा डावा हात बांधून टाकलास, मी काही बोलले नाही. त्याच्याकडे आता तेवढाच आहे."

पुढे काय झालं म्हणाल तर काहीच नाही, वेंकूबाई तूर निवडायला बसल्या. पण तूर निवडून झाल्यावर त्यांनी वादिराजच्या दारावर टकटक केली आणि म्हणाल्या, "नंदूनं ते लाकूड पुन्हा जोडलंय. बघ जरा."

तो आला, बहुधा आईच्या आवाजाला. नंदितानं पहिली जॉयस्टिक हातात घेतली. सुरू करायचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं, पण तिनं ते दाबलं नाही.

"तयार का, अण्णा?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न या खेळात कुणी विचारतं, हे त्याला नवीन होतं. "सरी," तो म्हणाला, म्हणजे 'बरं'.

निळा गडी पहिल्याच पुलावरून धप्पकन पाण्यात पडला. पुन्हा पडला. दोन्ही कामं एकदम करायला डावा हात त्याचा शिकाऊ, जायचं एकीकडे आणि रेटा दुसरीकडे. लाल गडी पलीकडे उभा राहून वाट बघायचा. "ये, मी आहे इथं," नंदिता म्हणायची. "मूठ आवळू नकोस. गोळा नुसता धर, लाडू धरतोस तसा." कितव्यांदा तरी निळ्यानं उडी मारली, तो काठाला लटकला आणि वर आला. पडदा सरकला. वादिराज इतका हसला की वेंकूबाई हातातलं टाकून बघायला आल्या. मीही खूश झाले, आणि त्याच वेळी मला जरा वाईटही वाटलं, कारण एवढी वर्षं जो अंगठा माझा होता तो आता पहिलीवर होता. एकाच वेळी दोन्ही कसं वाटतं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

मग तो रोज दुपारी येऊ लागला. जेवण मात्र अजून दाराआडच होतं. पोंगल आला. त्या दिवशी सगळे जपून बोलत होते आणि कणूचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला गच्चीवरून कावळ्यांचा कलकलाट ऐकू आला. नंदितानं कुणाला न विचारता भात मांडला होता. ती ओल्या केसांनी खाली आली आणि टीव्हीसमोर, माझ्याजवळ, बसली. तिनं हात पुढे केला नाही. आतलं दार उघडलं. वादिराज आला. त्याच्या डाव्या हातात विड्याची पानं, सुपारी आणि घडी घातलेलं खणाचं कापड होतं. दोन पावलांवर तो थबकला, कारण स्वयंपाकघराच्या दारात आई होती. तिचं तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची सवय, शब्द ओठांवर आला असणार. त्याचा हात खाली जाऊ लागला.

"थांब," वेंकूबाई म्हणाल्या. "आधी मला दे."

त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरली. त्यानं डाव्या हातानं ते सगळं त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं. मग त्या नंदिताकडे वळल्या, पानं आणि खण डाव्या हातात घेतले, आणि पट्टी मारणाऱ्या त्या बाईनं ते डाव्या हातानंच आपल्या लेकीपुढे धरले.

"घे गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावानं दिलंय."

नंदितानं ते डाव्या हातानं घेतलं. तिला रडू आवरेना आणि ती रडतच तिथं बसून राहिली. वेंकूबाईंनी डोळे पुसले आणि केळीची तीन पानं मांडायला घेतली, कणूचा चिंचेचा भात, नारळीभात आणि दहीभात. "वादीचा पाट कुठं गेला?" त्या सवयीनं म्हणाल्या, मग त्यांना माझी आठवण झाली. वादिराज जमिनीवरच बसला, माझ्याशेजारी, आईसमोर आणि बहिणीसमोर. तो डाव्या हातानं जेवला. निम्मं सांडलं. कुणी त्याच्या हाताकडे टक लावून बघितलं नाही, आणि कुणी मुद्दाम तोंडही फिरवलं नाही.

शेवटचा घास तोंडात असतानाच त्यानं मला ओढलं. "नंदू, कालचा पूल राहिलाय." हात धुतला नाही, काही नाही. दहीभाताची शितं माझ्या गोळ्याला लागली आणि एक तर बटणाच्या फटीतच जाऊन बसलं. मी वेंकूबाईंकडे बघितलं. म्हटलं, आता ओरडतील. त्या नुसत्या बघत राहिल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला स्वच्छ ठेवा, खरकट्या हातानं शिवू नका. मीही आयुष्यभर तेच म्हणत आले. मी पाट की जॉयस्टिक, पहिलीची की दुसरीची, यातलं मला आजही काही कळत नाही. पण एक विनवणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी धूळ खात पडली असेल तर तिला जरूर पुसा. मला मात्र इतक्यात पुसू नका. ते शीत आणखी थोडे दिवस तिथंच राहू द्या.