कोंबडीची मान कुणाकडे

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, हमेई गावातल्या छत्रीच्या कारखान्याच्या आवारात, लाल मांडवाखाली तीन नंबरच्या टेबलावर अख्खी उकडलेली कोंबडी आली आणि तिची मान शिह ली-छिंगकडे होती.

ली-छिंगचं आधी लक्षच नव्हतं. ती आपला वाडगा पुसत होती. टेबलावरची बडबड एकदम थांबली तेव्हा तिने वर पाहिलं. चोच बरोबर तिच्या छातीच्या रेषेत, डोळे मिटलेले, तुरा अजून लालसर. बाकीच्या नऊ जणी कोंबडी सोडून तिच्याकडे बघत होत्या.

“बाई गं,” शेजारची आ-मान म्हणाली, “काढलं की तुला!”

वर्षअखेरच्या या जेवणात कोंबडीची मान ज्याच्याकडे, त्याने नव्या वर्षात दुसरीकडे काम बघायचं, हे तैवानात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. मालकाने तोंडाने बोलायचं नाही, कागद द्यायचा नाही. काय ते कोंबडीने सांगायचं. हल्ली बहुतेक मालक लाजेखातर डोकं पंखाखाली दडवायला लावतात. होंग शेठच्या या कारखान्यात तर तीस वर्षांत कोंबडीचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

ली-छिंग तिथे एकोणीस वर्षं छत्र्यांचं कापड शिवत होती. वय एक्कावन्न. सुईत दोरा ओवायला आता चष्मा लागत होता. गावात छत्रीचे आणखी दोन कारखाने उरले होते, आणि ते पंचविशीच्या पुढची बाई घेत नव्हते. ही नोकरी गेली की संपलं, हे तिला ठाऊक होतं आणि मॅनेजर न्येनलाही ठाऊक होतं.

न्येनशी तिचं भांडण खरं तर शिलाईचं नव्हतंच. न्येनने उन्हाळ्यात हलकी तार घेतली. त्या तारेच्या काड्यांच्या छत्र्या ओसाकाला गेल्या, पहिल्याच वाऱ्यात उलट्या झाल्या आणि खोकी भरभरून परत आल्या. न्येनने एक कागद तयार केला. ‘शिलाईत माझ्याकडून हयगय झाली.’ खाली ली-छिंगच्या सहीची जागा.

“साहेब, छत्री उलटली ती काडी वाकून,” ती म्हणाली होती. “कापडाला ओरखडासुद्धा नाही.”

“कापड घट्ट शिवलंस म्हणून काडीवर ताण आला.”

“मग सैल शिवते. पाऊस आत आला की पावसाची सही घ्या.”

सही झाली नाही. त्या आठवड्यात तिचं मशीन संडासाच्या दाराशी हलवलं गेलं. ती किती वेळा उठते आणि किती मिनिटांनी परत येते, ते न्येन घड्याळ लावून बघू लागला. पण मशीन दाराशीच असल्याने ती दीड मिनिटात परत येई. त्याचाही त्याला राग. परवा तो तिच्या मशीनजवळून जाताना नुसतं एवढंच म्हणाला होता, “जेवणाच्या दिवशी काय ते कळेल.”

कळलं होतं.

“अशी बघत काय बसलीस?” आ-मान म्हणाली. “थांब, मी फिरवते.” तिने टेबलावरच्या फिरत्या काचेला धक्का दिला. कोंबडी वळली आणि बटणं लावणाऱ्या म्हातारीसमोर थांबली. म्हातारी किंचाळली आणि तिने उलट धक्का दिला. मग जिच्यासमोर येईल ती ढकलत सुटली. सुरणाचे काप, शिंपल्यांची बशी, सॉसच्या वाट्या सगळं कोंबडीबरोबर गरगरत होतं. जेवत कुणीच नव्हतं.

तेवढ्यात पाच नंबरच्या टेबलावरून मेकॅनिक याओचा आवाज आला. “अरे, मला का? मी काय केलं?”

मग सात नंबरवरून ड्रायव्हर ओरडला. मग चारवरून कुणीतरी. ली-छिंगने मान वळवून पाहिलं. आठ टेबलं, आठ कोंबड्या. तिच्या टेबलावरची सोडली तर सगळ्यांच्या माना ताठ, आणि सगळ्या फाटकाकडच्या खुर्चीकडे; ती स्वतःही तशाच खुर्चीत होती.

एक नंबरच्या टेबलावर फाटकाकडच्या खुर्चीत होंग शेठची आई बसली होती. मानाची खुर्ची आत होती, पण तिला पाय लांब करायला जागा हवी होती. वय शहाऐंशी. हजेरीचं एक नंबरचं कार्ड अजून तिचंच, आणि आठवड्यातून तीनदा येऊन ती छत्र्यांचे सुटे दोरे कापत बसे.

“आ-खुन,” ती मुलाला म्हणाली, “मला काढलंस?”

“आई, नाही गं—”

“मग ही माझ्याकडे का बघतेय? तुझ्या बापाबरोबर मी पहिली छत्री ठोकली तेव्हा तू टोपलीत झोपला होतास. आणि आता मला कोंबडी दाखवतोस?”

दोन नंबरच्या टेबलावर फाटकाकडच्या खुर्चीत न्येन होता. शेठचा चेहरा समोर दिसावा म्हणून त्याने ती जागा स्वतःच निवडली होती. त्याच्या टेबलावरची कोंबडी त्याच्याच टायकडे रोखलेली होती, आणि ते त्याला सगळ्यांत शेवटी कळलं, कारण तो मघापासून मान वाकडी करून तीन नंबरचं टेबल बघत होता.

होंग शेठने आचाऱ्याला बोलावलं. आचारी वू पळी हातात घेऊनच आला.

“डोकी बाहेर कुणी काढली?”

“आचाऱ्याची चूक, शेठ,” न्येन घाईने म्हणाला. “यांना सांगितलेलं नीट कळत नाही.”

“चूक?” वूने पळी कमरेवर टेकवली. “सकाळी दहाला तुम्हीच चुलीपाशी आलात ना साहेब? तीन नंबरला मान फाटकाकडच्या खुर्चीकडे कर म्हणालात. आता मी एका टेबलाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं जन्मात वाढलेलं नाही. आठ टेबलं तर आठही सारखी. एकाला डोकं दिलं आणि सातांना नाही, तर उद्या गाव म्हणेल, वूने सात डोकी घरी नेली!”

मांडवात हसू फुटलं. ज्यांच्याकडे माना होत्या ते हसले नाहीत.

शेठने न्येनकडे पाहिलं. “मी सांगितलं होतं तुला?”

“शेठ, कारखान्यात शिस्त राहावी म्हणून...”

“बरं बरं.” शेठने हात हलवला. “डोकी आत खुपसा. ग्लास भरा. जेवा सगळे.”

ली-छिंग उठून उभी राहिली.

“शेठ, डोकं आत गेलं तरी मी आत की बाहेर, तेवढं सांगा.”

“आज सणाचा दिवस आहे, ली-छिंग. उद्या बघू.”

“उद्या मी यायचं की नाही, ते मला आज कळायला हवं ना?”

शेठने ज्वारीच्या दारूचा ग्लास उचलला आणि न पिताच ठेवला. उत्तर त्याच्या आईने दिलं. तिने काठी घेतली.

“तिचं माहीत नाही. मला काढलंय, मी निघाले.” आणि ती फाटकाकडे चालू लागली.

“मग मीही,” याओ म्हणाला आणि त्याने पान्हा टेबलावर ठेवला. ड्रायव्हरने गाडीची किल्ली ठेवली. ली-छिंग निघाली. बाकीचे तिघे निघाले. पाच वाजता ओसाकाचा माल जायचा होता, आणि काड्या वाकवायचं मशीन याओशिवाय कुणाचं ऐकत नसे.

आ-मान दोन नंबरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. “साहेब, उठा की. तुमच्याकडेही मान आहे.”

“मी मॅनेजर आहे.”

“ते कोंबडीला कुठे माहीत?”

मांडवातले साठ-सत्तर जण बघत होते. न्येन उठला. फाटकापाशी त्याला जागा मिळाली ती ली-छिंगच्या शेजारी. समुद्राकडून बोचरा वारा येत होता.

“त्या कागदावर सही केली असतीस,” तो दातांतून म्हणाला, “तर हे झालंच नसतं.”

“आहे का अजून तो कागद?”

“खिशात आहे.”

“मग तुम्हीच करून टाका. पेन देऊ?”

एक वाजून वीस मिनिटांनी शेठ आईला आणि न्येनला घेऊन ऑफिसात गेला आणि दार लागलं. बाहेर शेठच्या आईचाच आवाज ऐकू येत होता. मांडवात मासा आला, मग चिकट भात आला. फाटकावरचे सहाजण परत येऊन जेवले, पण कामावर कुणी गेलं नाही. ली-छिंगने भात दोनदा घेतला.

चार वाजता ऑफिसातून कारकून आला आणि त्याने उद्याच्या पाळीचा कागद भिंतीला लावला. ली-छिंगने चष्मा लावून तो वाचला. शिलाईच्या रांगेत तिच्या मशीनच्या नंबरापुढची जागा कोरी होती. मॅनेजरच्या रकान्यातही काही लिहिलेलं नव्हतं.

“म्हणजे काय?” आ-मानने विचारलं.

“मला दिला तसा लावला,” कारकून म्हणाला. “त्या जागा भरायला शेठ आणि साहेब दोघंही पेन मागतायत आणि आजीबाई देत नाहीयेत.”

पाच वाजता ओसाकाचा माल न्यायला बंदरावरून आलेला ट्रक इंजिन चालू ठेवून फाटकात उभा होता. कारकुनामागे लागलेलं ऑफिसचं दार तोवर उघडलेलं नव्हतं.