नळाच्या पाण्यातला मासा

मी एक जुना... नाही. जुना नाही. मी दोन महिन्यांचा लाकडी मासा आहे. खऱ्या माशाला फसवून गळाला लावायचं, एवढंच माझं काम. आत्मवृत्त सांगायला म्हातारपण लागतं म्हणे. मित्रांनो, मला एक रविवार पुरला.

जन्म.
आरेच्या जंगलात पडलेली पांगाऱ्याची फांदी. हलकं लाकूड. सिद्धेशने ती मालाडला, सातव्या मजल्यावर आणली आणि मला कोरलं. पंधरा दिवस तो खवले रंगवत होता. डोळ्यांना तर रंगाचे तीन हात. पोटातल्या शिशाला मात्र अर्धा तास.

शिसं कशाला, ते सांगतो; कारण तुम्हीही रंगच बघणार. नुसतं लाकूड पाण्यावर आडवं लोळतं. पोटाला भोकं पाडून शिसं भरलं की ते सरळ राहतं, सावकाश बुडतं, ओढलं की शेपटी हलवतं. कमी भरलं तर बूच. जास्त भरलं तर दगड.

शिक्षण.
बाथरूममधली निळी बादली. मी सरळ राहिलो, सावकाश बुडालो.

"परफेक्ट!" सिद्धेश ओरडला.

"झाली का रे माशाची आंघोळ?" दारातून त्याची बायको श्रुतिका म्हणाली. "मला ऑफिसला उशीर होतोय."

त्याने भोकं बुजवली. मलाही वाटलं, आपण मासा झालो. डोकंही लाकडाचंच ना.

उमेदीचा काळ.
मार्वेची खाडी. सिद्धेशने मला फेकलं. मी बुचासारखा वर आलो. त्याने ओढलं, मी कुशीवर पडून फरफटत आलो. दहा वेळा. शेजारी बेसिल अंकल गळ टाकून बसले होते. सगळा जन्म याच खाडीवर गेलेला माणूस.

"काय रे, चप्पल ओढतोस काय?"

"घरी बरोबर बुडत होता, अंकल."

"कुठल्या पाण्यात?"

"नळाच्या."

"मग नळातच पकड ना मासे!"

खारं पाणी वस्तूला जास्त उचलून धरतं. दर रविवारी खाडीवर येणाऱ्या या शहाण्याला ते ठाऊक नव्हतं.

"जाऊ दे. कीचेन करतो याची," सिद्धेश म्हणाला.

कीचेन! मित्रांनो, मला फक्त एकदा पोहायचं होतं.

अंकलनी मला हिसकावलं. चाकूने सोनेरी पोट खरवडलं, जाळ्याच्या शिशाचा तुकडा ठेचून बसवला, वर मेण दाबलं. डब्यात खाडीचंच पाणी घेऊन मला सोडून पाहिलं. अजून एक कण. पुन्हा डबा.

"टाक आता."

मी बुडालो. शेपटी हलली. अकरा सेकंद मी मासा होतो. मागून एक जिताडा मासा आला, मला धडकला आणि वळला.

"बघितलंत? झकास!" सिद्धेश नाचला.

"नाचतोस काय? परत टाक, तो तिथेच आहे."

"नको अंकल. दगडात अडकला, दोरी तुटली तर? एवढा मस्त जमलाय."

 अंकलनी डबा खाडीत रिकामा केला.

उतारवय.
काचेचं कपाट. आत दिवा. पाहुण्यांना सिद्धेश सांगतो, "मी स्वतः बनवलाय." खरवडलेलं पोट त्याने भिंतीकडे वळवलंय. दर शनिवारी मऊ फडक्याने तो मला पुसतो.

मित्रांनो, शेवटी "आमची काळजी घ्या" असं म्हणायची पद्धत आहे. माझी घेतली जातेय, बघा. तुमच्या कपाटात असा कुणी असेल तर त्याला खाडीत फेका. दोरी तुटली तर तुटू दे. हरवेन, पण पाण्यात हरवेन.