तेवीस नंबरचा डबा

उकव्याच्या जंगलात संध्या मेश्रामने झाडांना चाळीस डबे बांधले होते. वणव्याची धग मोजायची आणि निरोप शेजारच्या डब्याकडे द्यायचा, एवढंच त्यांचं काम. आपण नकाशावर कुठे आहोत, हे एकाही डब्याला माहीत नव्हतं. ते सांगणारं यंत्र बॅटरी फार खातं. त्याऐवजी तीन डबे खुणेचे ठरवले होते: चंपाबाईच्या हॉटेलावरचा, शाळेच्या गच्चीवरचा आणि वननाक्यावरचा. या तिघांपासून आपण किती डबे दूर, ते तीन आकडे हाच प्रत्येकाचा पत्ता. नाक्यावरून पुढे निरोप बालाघाटच्या ऑफिसात जात.

तेवीस नंबरचा पत्ता होता चार-दोन-सहा. एप्रिलात तो एक-एक-एक झाला, म्हणजे तिन्ही खुणांचा सख्खा शेजारी. त्या खुणा तर एकमेकींपासून दोन-दोन किलोमीटर लांब. पण डबे भोळे. सगळे तेवीसकडेच निरोप द्यायला लागले आणि ऑफिसात काही पोचेना.

संध्या बालाघाटहून बसने उकव्याला आली. वननाक्यावरचा नाकेदार खेमराज म्हणाला, "कोणत्या झाडाले बांधला होता?"

"ते लिहून नाही ठेवलं. पत्ता होता ना."

"मंग शोधसान कसा?"

"निरोप जाते तसा. शेजाऱ्याले विचारत विचारत."

दोघं डब्याडब्यापाशी थांबत निघाले. तेवीस शेवटचा कधी भेटला, ते प्रत्येक डबा संध्याच्या मोबाइलवर सांगत होता. अकरा नंबरच्या डब्याला आज सकाळी आठ वाजता भेटला होता, सतरा नंबरच्याला साडेआठला.

"हा फिरून राह्यला," संध्या म्हणाली.

दुपारी शाळेच्या वाटेवर एक सायकल येताना दिसली. कॅरिअरवर पोत्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तेवीस. सायकल सुखरामबाबांची. त्यांनी तीस वर्षं याच भागात डाक वाटली होती. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती.

"वानरानं रस्त्यावर फेकला," बाबा म्हणाले. "म्हटलं, ज्याचा त्याले पोचता करू. चंपाबाई म्हणे शाळेचा असन. मास्तर म्हणे नाक्यावर द्या. नाक्यावर म्हणे हॉटेलात विचारा."

"मंग?" संध्याने विचारलं.

"मंग हॉटेलात गेलो. चंपाबाई म्हणे शाळेचा असन."

"किती दिवस?"

"आज एकोणीस. दिवसाले दोन फेऱ्या."

"बाबा, हे गोल फिरून राह्यलं, समजलं नाही काय?"

"समजलं. पण तिघं बी भले माणसं. सांगतलं, तर जाऊन पाहाव नाही काय?"

संध्या खेमराजकडे वळली. "नाक्यावर कोण होतं?"

"मीच होतो," खेमराज म्हणाला. "पण बाबाचा डबा सापडलेला होता. तुमचा तर हरवलेला."

संध्याने मोबाइल काढला. लहान आकडा एकदा मिळाला की तोच धरून ठेव, हे डब्यांना तिनेच शिकवलं होतं; म्हणून तिन्ही खुणांपाशी मिळालेला एक-एक तेवीसने सोडलाच नव्हता. तिने ते बदललं आणि डबा मागितला. बाबा देईनात.

"आधी झाड दाखव. डाक रस्त्यात देत नाही मी."

मग तिघं डबा घेऊन झाडोझाड फिरले. एका सरईच्या झाडापाशी आकडे चार-दोन-सहा झाले. संध्याला हायसं वाटलं. दहा पावलं पुढे दुसऱ्या झाडापाशीही चार-दोन-सहा. ओढ्यापलीकडच्या तिसऱ्यापाशीही तेच. ती खाली बसली.

"तीन झाडांचा एकच पत्ता, बाबा. आता कोणतं खरं?"

बाबांना त्यात नवल वाटलं नाही. "माह्या डाकेच्या बीटात तीन सुखराम होते. तिघांच्या बापाचं नाव बी एकच. ज्याच्या घरी कुत्रा नाही, त्याले चिठ्ठी देऊन द्याचो. तो बाकीच्याइले वाचून दाखवे."

पहिल्या झाडावर लाल मुंग्या होत्या. दुसऱ्यावर मधाचं पोळं. तिसऱ्याला त्यांनी डबा बांधला. पाचच्या सुमाराला बालाघाटहून फोन आला, चाळीसही डब्यांचे निरोप मिळाले म्हणून. सत्तावीस नंबरच्या डब्याजवळ धग जास्त दिसत होती. खेमराज आणि संध्या तिकडे पळाले. मोहफुलं वेचणाऱ्या बाया तिथे चहा करत होत्या. त्यांनी दोघांनाही अर्धा-अर्धा कप दिला.