सहाव्या मैलावरचा रोलर

मित्रांनो, मी एक जुना रोडरोलर आहे. वजन दहा टन. रोलर दिसला की तुम्ही मुलं टाळ्या पिटत मागे धावता आणि दहा पावलांत कंटाळून पुढे निघून जाता, कारण माझ्या आधी तुमची आजीसुद्धा चालत पोचेल. त्याचा मला राग नाही. माझा राग वेगळाच आहे. बावीस वर्षं मी एकाच रस्त्यावर राबतो आहे. रस्ता अवघा नऊ मैलांचा. आणि मी अजून सहाव्या मैलावरच उभा आहे!

कारखान्यातून आलो तेव्हा मी पिवळाधमक होतो. एका मोठ्या साहेबांनी माझ्या शेजारी उभं राहून भाषण केलं की, दोन वर्षांत खालच्या शहरातून डोंगरावरच्या गावापर्यंत पक्का रस्ता होईल. मीही विश्वास ठेवला. नवंकोरं लोखंड, त्याला अक्कल ती कुठून असणार?

माझा ड्रायव्हर मात्र खरा कामाचा माणूस होता. तोंडाने फटकळ, पण हात असा की, त्याच्या रस्त्यावरून बैलगाडी गेली तर कळशीतलं पाणी हिंदकळत नसे. बायको लवकर गेली, म्हणून तो लेकीला कामावर घेऊन यायचा. ती माझ्या सावलीत वाढली. इतर मुली भातुकली मांडायच्या, तेव्हा ही दगडांचे ढीग मांडायची. बापाने तिला एकच धडा दिला होता. मोठा दगड तळाला, मधला त्याच्यावर, बारीक खडी सगळ्यांत वर. आणि खडीला माती लागू द्यायची नाही; माती लागली की खडी मेली. एखादा दगड चुकीच्या ढिगात गेला, तर तो सगळा ढीग तिला पुन्हा लावायला लावी. पुढे ती वरच्या गावात लग्न होऊन गेली आणि रस्त्याच्या गँगमध्येच कामाला लागली.

मग लढाई सुरू झाली. डोंगरातल्या काही लोकांनी बंदुका उचलल्या. त्यांना डोंगराचा वेगळा देश हवा होता. खालून सैन्य आलं. त्यांचं म्हणणं, देश एकच आहे आणि एकच राहील. गँगमधले लोक त्यांना नुसतं ‘वरचे’ आणि ‘खालचे’ म्हणत, तेवढं पुरे होतं. कोणाचं खरं, ते मला विचारू नका. मला डोकं नाही, फक्त वजन आहे.

खालच्यांना ट्रक न्यायला रस्ता हवा होता, म्हणून वरच्यांना तो नको होता. वरच्यांचा हुकूम आला की, दर घरातून एका माणसाने अंधार पडल्यावर कुदळ घेऊन यायचं आणि रस्ता खणायचा. खालच्यांचा हुकूम आला की, दर घरातून एका माणसाने सकाळी घमेलं घेऊन यायचं आणि तो बुजवायचा. आता घरात धडधाकट माणूस एकच असेल, तर काय करणार? जे खणत, तेच बुजवत. इकडे आड, तिकडे विहीर! मी सकाळी दाबायचं, रात्री उकरताना बघायचं, दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. अकरा वर्षं हेच चाललं. माझं पुढचं चाक झिजलं, पण रस्ता वीतभर पुढे सरकला नाही.

त्यातूनच ती चूक झाली. ड्रायव्हरच्या लेकीला रात्री खणताना दगड-माती एकत्र फेकवेना. सकाळी आपल्यालाच भरायचं आहे, हे तिला ठाऊक होतं. पण खरं सांगू? ठाऊक नसतं तरी तिने तेच केलं असतं. जित्याची खोड! तिने खड्ड्याच्या कडेला तीन ढीग लावले: मोठे दगड, मधले, बारीक खडी. माती लांब, पलीकडच्या अंगाला. तिचं बघून बाकीचेही तसंच करू लागले. मला तर कौतुकच वाटलं. काय मूर्ख मी!

एका सकाळी खालच्यांच्या छावणीतला तरुण अधिकारी लवकर आला. गँग अजून कामाला लागायची होती. तो ढिगांभोवती दोनदा फिरला आणि हसला. चोर घर लुटतो आणि जाताना झाडूनही जातो का, असं त्याने मुकादमाला विचारलं. मुकादमाची मान वर होईना. मग त्याने चाळीस जणांना रांगेत उभं केलं आणि सांगितलं की, ढीग लावणाऱ्याने पुढे यावं, नाहीतर सगळ्यांना छावणीत नेईन.

मुलीने पाऊल उचललं. तेवढ्यात ड्रायव्हर माझ्यावरून खाली उतरला.

“मी लावलेत, साहेब,” तो म्हणाला. “मीच खणलं.”

मित्रांनो, त्याची कंबर सहा वर्षांपूर्वीच कामातून गेली होती. माझ्यावर चढायला त्याला दोन माणसं लागत. ते अधिकाऱ्यालाही दिसत होतं. पण त्याला कागदावर लिहायला एक माणूस हवा होता आणि तो मिळाला. लेक जागच्या जागी थिजली. बाप तिच्यावर खेकसला, “उभी काय राहिलीस? घमेलं उचल!” तिने घमेलं उचललं. त्याला ट्रकमध्ये घालून नेलं. मी दहा टनांचा, पण चाकाखालचा धोंडासुद्धा हलवू शकलो नाही.

नंतर एक शिपाई मला चालवू लागला. लेक दर आठवड्याला छावणीच्या फाटकावर बापाचे धुतलेले कपडे देऊन येते. कपडे आत जातात, निरोप बाहेर येत नाही. कामावर ती आता दगड, माती, खडी, सगळं एकत्र खड्ड्यात लोटते. मी वरून फिरतो, रस्ता वरवर छान दिसतो. परवा पहिलाच ट्रक त्यात आसापर्यंत रुतला. अधिकारी तणतणत आला. खडी वेगळी लावायची साधी अक्कल नाही का, म्हणून सगळ्यांवर ओरडला.

“लावणारा तुमच्याकडे आहे, साहेब,” ती म्हणाली.

त्याने त्या रुतलेल्या चाकाकडे एकदा पाहिलं. मग वळला आणि निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं की, जुन्या यंत्रांना जपा, तेलपाणी करा. माझं राहू द्या. मला गंज चढला तरी मी कोणाचा बाप नाही. पण त्या छावणीत तुमच्या ओळखीचं कोणी असेल, तर माझा एवढा निरोप पोचवा. म्हणावं, त्या म्हाताऱ्याच्या हातात एकदा कुदळ द्या. त्याला ती डोक्यापर्यंत उचलता आली, तर खुशाल ठेवून घ्या. नाही आली, तर त्याला घरी पाठवा.