क्रियाविशेषणांचं प्रूफ

नजर अधू झाल्याचं प्रूफकाकांनी आठ महिने छापखान्यात कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर नारळ ठरलेला. बाइंडरला तो मागच्याच महिन्यात मिळाला होता. आणि मुलीच्या शिक्षणाचं अजून एक वर्ष बाकी होतं.

तोड काकूंनी काढली. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाची मूळ प्रत त्या रोज संध्याकाळी अक्षर न् अक्षर वाचत, काका पाठ करत. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, नुसती अक्षरं येत होती. तेवढी पुरत. सकाळी वाचकबाई प्रूफ मोठ्याने वाचायच्या आणि काका प्रत धरून ऐकायचे. रीत खरं तर याच्या उलट, बाईंनी प्रत वाचायची आणि काकांनी प्रूफ बघायचं; पण बाई कधी विचारत नसत.

आज बाईंचा घसा बसला आणि मालक स्वतः येऊन बसले.

"प्रत द्या इकडे. मी वाचतो, तुम्ही प्रूफ बघा."

काकांनी प्रत घट्ट धरली. "नको मालक. छापायला जायचं ते तुमच्याच नजरेखालून गेलेलं बरं."

मालकांना पटलेलं दिसलं. म्हणजे काकांना तसं ऐकू आलं.

"एच ए पी, रेघ, पी आय, रेघ, एल वाय."

प्रत्येक रेघेला काकांचं नख टेबलावर टक् करी. पुस्तकात शब्द रेघा घालून तोडलेले होते; कुठला शब्द कुठे तोडायचा, ते बोटालाच पाठ होतं.

"ई ए एस, रेघ, वाय, रेघ..."

"थांबा! वाय नाही, आय. एल-वाय घरात आली की वाय मुकाट्याने उठतो आणि आय बसतो."

"आणि ट्रूमध्ये?"

"तिथे ई घरच सोडतो."

"भलतंच कडक सासर," मालक म्हणाले, पण हसले नाहीत. "क्यू यू आय, रेघ, सी के एल वाय."

"रेघ चुकली. ती सी-केच्या नंतर."

"छापलंय बरोबरच. मुद्दाम चुकीचं वाचलं मी." खुर्ची करकरली. "प्रत बघू."

काकांच्या हातातून कागद गेले. पलीकडे यंत्राची धडधड चालू होती.

"काका, प्रूफ क्रियाविशेषणांचं आहे. हे नामांचं प्रकरण आहे."

काकूंनी पिशवीत गठ्ठा चुकीचा घातला होता. काकांनी मान खाली घातली. आता लपवायला उरलं काय?

"घरी कोण वाचून दाखवतं?"

"आमची ही."

"आठ महिन्यांत चुका किती सुटल्या?"

"एकही नाही."

"माझ्याही मोजणीत तेवढ्याच आहेत. पहिल्या महिन्यापासून मोजतोय." मालकांनी गठ्ठा पुन्हा त्यांच्या हातात दिला. "उद्या क्रियापदं. वहिनींना म्हणावं, पिशवीत घालताना वरचं नाव तेवढं वाचत जा. वाचा पुढे... छे, वाचायचं तर मलाच आहे."

काकांचं नख टेबलावर टेकलं. पहिल्या रेघेला ते बरोबर वाजलं.