उकळलेल्या तारा

अटाने उकळत्या पातेल्यात काडी घालून गिटारची एक तार वर काढली आणि नाक मुरडलं.

“ही भाजी अजून किती शिजवणार आहेस, एबो?”

“मळ निघाला की तारा नव्यासारख्या होतात. गुरूंचा उपाय आहे.”

“गुरू कधीच गेले. तारा मात्र चार वर्षं उकळतायत. शनिवारी गावप्रमुखांच्या घरचा अंत्यविधी, सगळं सेकोंडी गाव जमणार. हे घे.” अटाने नव्या तारांचं पाकीट त्याच्या मांडीवर टाकलं.

ढोल बडवणाऱ्या अटाने आपल्याला तारांबद्दल शिकवावं, याचा एबोला राग आला. पण आयती आलेली वस्तू परत करण्याइतका नाही. अटा गेल्यावर त्याने तारा चढवल्या, खुंट्या पिळून सूर जुळवला. आवाज घासलेल्या भांड्यासारखा लख्ख आला. एबो खूश होऊन वाजवत सुटला आणि सवयीने बोट बाराव्या पडद्यावर गेलं. जुन्या तारा मोकळ्या जुळल्या तरी इथे दाबल्या की त्यांचा सूर चढायचा, आणि त्याचा कान त्यालाच सरावला होता. आज सूर नेमका जागेवर बसला. हा सूर त्याने आधी ऐकला होता, मान्साच्या गळ्यातून.

गेल्या ईस्टरला सासूबाईंच्या अंत्यविधीत, शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांतल्या दोनशे माणसांसमोर त्याने गाणं मध्येच तोडलं होतं. “मान्सा, सूर सुटतोय. बस खाली.” लोक हसले, बायको बसली. वीस वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून गाणारी ती बाई त्यानंतर चुलीपाशीसुद्धा गुणगुणली नाही. वयाने गळा गेला तिचा, असं गावभर सांगत फिरला तो एबोच. नाचता येईना अंगण वाकडं, ही गत त्याची स्वतःची होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गिटार ठेवून तो मागच्या अंगणात गेला. मान्सा आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, केंकीचे गोळे केळीच्या पानांत बांधत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, एक पान उचललं, उगाच पुसलं.

“तुझा गळा गेला नव्हता. माझ्या तारा खोट्या होत्या.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“झाली असतील दोनेक वर्षं. तुमची तार चढायची, मग मीही मागोमाग सूर चढवायचे. चारचौघांत तुमचं हसं नको व्हायला.”

एबोची मान वर होईना. हातातलं पान फाटलं होतं.

“मग त्या दिवशीच का नाही चढवलास?”

मान्साने गोळ्याची गाठ घट्ट ओढली आणि तो टोपलीत ठेवला.

“आईला शेवटचं गाणं होतं ना, अहो. तिच्यासाठी तरी खरा सूर लावावा म्हटलं.”