फ्रिजवर आलेला आळ

माझ्या दारावर चुंबकाने अडकवलेल्या एका पत्राला आमच्या मास्तरांनी आठ महिने उत्तर दिले नाही. मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे आणि ते पत्र माझ्याविषयीच होते.

कारखान्यातून मी या स्वयंपाकघरात आलो, त्याला एकोणीस वर्षे झाली. माझ्यामुळे दूध नासायचे थांबले, भाजी टवटवीत राहू लागली, तापात कपाळावर ठेवायला बर्फ मिळू लागला. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींचा इन्सुलिनचा साठाही माझ्याकडेच असे. "माझा जीव तुमच्या फ्रिजमध्ये आहे हो," असे म्हणून त्या हसत. मला धन्य वाटे.

एका उन्हाळ्यात घरची मंडळी चार दिवस बाहेरगावी गेली. निघताना मास्तरांनी माझे बटण बंद केले. औषध आत आहे, हे ते विसरले. मला हाक मारता येत नव्हती. सगळे औषध तापले.

परतल्यावर मास्तर मावशींना म्हणाले, "काय सांगू, फ्रिजच बिघडला."

तेही माझ्यासमोर!

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, मेकॅनिक बोलावला. त्याने मला उलटसुलट तपासले. "याला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे! अशी गिऱ्हाइकं भेटली तर मी उपाशी मरेन."

"मधूनच बंद पडत असेल," मास्तर जमिनीकडे बघत म्हणाले.

मावशींनी औषध फेकून दिले. पुढे त्या भाचीकडे राहायला गेल्या. तिथून त्यांनी लिहिले, "भाची फ्रिज घे म्हणते. पण तुमचा एवढा चांगला फ्रिज दगा देतो, तर माझा काय भरवसा? घेऊ की नको, तुम्हीच सांगा. तोवर औषध ओल्या फडक्यात ठेवते."

बाई टोमणे मारत, "पत्र ताजं राहावं म्हणून फ्रिजला लावलंय का?" शेवटी परवा त्या म्हणाल्या, "मीच कळवते, फ्रिज घेऊ नका म्हणून."

"थांब," मास्तर पुटपुटले. "तो बिघडला नव्हता. बटण मी बंद केलं होतं."

"आणि इतके दिवस मुक्या वस्तूवर ढकललंत?"

मास्तर कागद घेऊन बसले. "मावशी, फ्रिज जरूर घ्या. चूक माझी होती," एवढे लिहायला त्यांनी चार कागद फाडले.

मित्रांनो, आमचे बटण बंद करण्याआधी दार उघडून आत बघत जा. आणि तुमची चूक आमच्या माथी मारू नका. आम्हाला उलट बोलता येत नाही. मास्तरांनी माझी माफी अजून मागितलेली नाही. मात्र आज सकाळी मला खिडकीतून ते दिसले. समोरच्या टपालपेटीपाशी गेले, मागे फिरले, पुन्हा गेले, आणि पाकीट आत टाकले.